दत्तामामांची मंडळी

दत्तामामा फ्लास्कला कान लावायचे. सकाळी प्रयोगशाळा उघडली की आधी खिडक्या, मग पंखा, मग ऊब देणारं ते मोठं कपाट, ज्याला आम्ही इनक्युबेटर म्हणायचो. त्यातला एकेक काचेचा फ्लास्क ते दोन्ही हातांनी अलगद उचलायचे आणि डोळे मिटून उजव्या कानाशी धरायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, नव्या मुलीची थट्टा चाललीय. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले, फ्लास्क जागेवर ठेवला आणि म्हणाले, "तिसऱ्यातली मंडळी जेवली नायत. काय घातलंस गो त्यात?"

तिसऱ्या फ्लास्कमध्ये माझ्या हातून आम्ल जास्त पडलं होतं. हे मला दुपारी, मोजमाप केल्यावर कळलं. त्यांना सकाळी पावणेदहालाच कळलं होतं.

मंडळी म्हणजे यीस्ट. डोळ्यांना न दिसणारे, साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू सोडणारे जीव. ते खात असले की द्रवातून बारीक बुडबुडे फुटत राहतात आणि कान तयार असेल तर त्यांची सूक्ष्म चरचर ऐकू येते. माझे कान तयार नव्हते. मामांचे होते.

रत्नागिरीतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागात ते प्रयोगशाळेचे परिचर होते. काचा धुणं, जीव वाढवायची माध्यमं शिजवणं, ज्यांत ते वाढतात त्या बशा खराब झाल्या की उकळून फेकणं, ही त्यांची कामं. कायम नव्हते, दर जूनमध्ये नेमणुकीचा कागद नव्याने निघायचा आणि तो हातात पडेपर्यंत ते जरा कमी बोलायचे. राहायला पूर्णगडच्या अलीकडे, कातळाच्या उतारावरच्या एका वाडीत. रोज एसटीने येऊन जाऊन. अंगाने काटक, खाकी शर्ट कायम इस्त्रीचा, खिशाला दोन पेनं. विद्यार्थ्यांनी दार आपटलं की ते ओरडत नसत, फक्त कपाटाकडे बोट दाखवून म्हणत, "हळू. आत जेवणं चाललीयत."

मी सावर्ड्याची. वडिलांचं तिथे बाजारात छोटं दुकान. घराण्यात पीएचडी करायला निघालेली मी पहिली, आणि हे मी स्वतःला दिवसातून दहा वेळा सांगत असे. माझा विषय असा: काजूचा मोसम आला की बी काढून घेतात आणि रसाळ बोंडं झाडाखाली सडतात. भात झोडल्यावर पेंढा उरतो, त्यातला पुष्कळसा वाया जातो. या दोन्हींतल्या साखरेपासून इंधन म्हणून वापरता येईल असं अल्कोहोल करायचं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण अशी की पेंढा आणि चोथा उकळून, आम्ल घालून फोडला की त्यातून एक साखर निघत नाही, दोन निघतात. एक ग्लुकोज, ती यीस्टला आवडते. दुसरी झायलोज, लाकडात, गवतात असणारी. तिच्याकडे पावातलं नेहमीचं यीस्ट ढुंकूनही पाहत नाही. जवळजवळ निम्मी साखर तशीच राहते, आणि निम्मी साखर तशीच राहिली तर त्या इंधनाला काही अर्थ उरत नाही.

"म्हणजे फणसाचे गरे खाऊन आठळ्या टाकतात," मामा म्हणाले. "पोरांसारकी."

सहा महिने मी वेगवेगळी यीस्ट मागवून पाहिली. आठळ्या पडूनच राहिल्या. माझे मार्गदर्शक सर, विभागप्रमुखही तेच, दर आठवड्याला विचारायचे, "काही हललं का?" काही हलत नव्हतं. मी रडकुंडीला यायची तेव्हा मामा धुतलेल्या काचा पुसत म्हणायचे, "घाई केलीस की ती रुसतात. जीव हाय तो. मशीन नाय."

एक गोष्ट इथेच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. दिवसभर आंबवणाच्या वासात वावरणारा हा माणूस दारूला शिवत नव्हता. शिवरात्रीला नाही, शिमग्याला नाही, कुणाच्या लग्नात नाही. त्यांचे वडील माडी काढायचे. एक दिवस पिऊन माडावर चढले आणि वरून पडले. मामा तेव्हा सातवीत होते. ते मला त्यांनी एकदाच सांगितलं, काचेच्या नळ्या मोजता मोजता, वर न बघता. "बापूस पडला तवा मी खाली मडका धरून उभा होतो," म्हणाले, आणि नळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

मार्च लागला. एका दुपारी मी डोकं धरून बसले होते. मामांनी माझी वही उलटी करून पाहिली. त्यांना इंग्रजी वाचता यायचं, सावकाश. मग म्हणाले, "बाय, मी काय सांगतंय ता ऐक. तू जेवायला घालतेस लाकडाचा नि पेंढ्याचा, आणि बोलावतेस पाववाल्याला. तो कशाला खाईल? लाकूड खाणाऱ्याला बोलव की."

"लाकूड कोण खातं मामा?"

"आमच्या काजूला इचार."

पुढच्या रविवारी मी त्यांच्या बागेत गेले. उतारावर जांभ्या दगडांचा गडगा, त्याच्या आत पंचवीसेक काजूची झाडं. एका झाडाच्या बुंध्याशी त्यांनी मला बसवलं. सालीला भोकं पडली होती आणि त्यातून चिकट डिंक नि ओला भुसा बाहेर येत होता. खोडकिडा. तो आतून झाड पोखरत जातो, आणि वेळेवर काढला नाही तर झाड मरतं.

"वास घे," मामा म्हणाले.

भुशाला आंबूस, किंचित गोडसर वास होता. अल्कोहोलचा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते गालात हसत होते. "धा वर्षं मी हे किडे काडून मारतोय. दर वेळी वाटतं, ह्याच्या पोटात आपलीच मंडळी हायत. पण परिचराचा कोण ऐकतो?"

त्यांनी पटाशीने साल उचकटली, वाकवलेली तार आत घातली आणि बोटाएवढी पांढरी, जाड अळी बाहेर काढली. ती माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून आपला जेवणाचा डबा रिकामा करून दिला. मामींनी बागेत बांधून दिलेली घावनं आम्ही तिथेच बसून खाल्ली. डब्यात अळी घेऊन मी परत आले.

तिच्या पोटातलं जे काही होतं ते मी फक्त झायलोज असलेल्या बशांवर पसरलं. खायला दुसरं काहीच नाही. जो ही साखर खाईल तोच जगेल. चौथ्या दिवशी एका बशीत टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे ठिपके उगवले. ते मी दोन्ही साखरा असलेल्या फ्लास्कमध्ये सोडले. पहिले काही तास चरचर झाली, मग थांबली. नेहमीसारखंच. मी कंटाळून ग्रंथालयात जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा ग्रंथालयाच्या दारात. आत यायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी बाहेरूनच हात हलवला. मी धावत प्रयोगशाळेत गेले. त्यांनी फ्लास्क माझ्या कानाशी धरला आणि पंखा बंद केला.

"ऐक. थांबली होती ना काल? आता परत लागलीयत. हळू हाय, पण लागलीयत."

मला काही ऐकू आलं नाही. पण त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. "दुसऱ्या पंगतीला बसलीयत गो मंडळी," ते म्हणाले. "आठळ्या खातायत!"

मोजणी केली तेव्हा तसंच निघालं. ग्लुकोज संपल्यावर थोडी विश्रांती घेऊन ते यीस्ट झायलोज खायला लागलं होतं. सर खुर्चीतून उठून उभे राहिले. त्या संध्याकाळी विभागात सामोसे आले. मामांनी ते सगळ्यांना वाटले आणि स्वतःचा कागदात बांधून मामींसाठी नेला.

मग जे झालं ते माझ्यामुळे झालं.

मे महिन्यात माझ्या कामाचा आढावा घ्यायला बाहेरचे तज्ज्ञ येणार होते. फ्लास्कमधलं काम ड्रममध्ये होतं का, हे त्यांना दाखवायचं होतं. कॉलेजात परीक्षा चालू. विभागात पाय ठेवायला जागा नाही. अल्कोहोलच्या प्रयोगांसाठी कॉलेजकडे परवाना होता, पण तो प्रयोगशाळेच्या चार भिंतींपुरता. हे मला माहीत होतं. तरी मी मामांना म्हटलं, "तुमच्या घरामागच्या सामानाच्या मांगरात पाच ड्रम ठेवूया. आठच दिवस."

मामा लगेच हो म्हणाले नाहीत. "सरांना इचारलंस?"

"विचारलंय."

"मग कागद दे. माझ्या घरात असला काय ठेवायचा म्हणजे कागद पायजे."

"उद्या देते मामा."

मी सरांना विचारलं नव्हतं. ते नाही म्हणतील अशी भीती होती. प्रयोगशाळेत शिजवलेला बोंडांचा नि पेंढ्याचा रस ड्रममध्ये भरला, त्यात यीस्ट सोडलं आणि टेम्पोतून त्यांच्या मांगरात नेऊन ठेवलं. कागद मी दुसऱ्या दिवशीही दिला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. त्यांनी एकदा आठवण केली. मग केली नाही.

पाचव्या दिवशी अबकारीची माणसं त्यांच्या अंगणात उभी राहिली. तक्रार कोणी केली ते शेवटपर्यंत कळलं नाही. ड्रम उघडले, वास सगळीकडे पसरला, पंचनामा झाला. अख्खी वाडी गडग्याबाहेर जमली होती. मामी पदर तोंडाशी धरून उंबऱ्यात उभ्या. मामा एकच सांगत होते, "हे कॉलेजचं काम हाय. आमच्या बाईंना इचारा." ड्रमबरोबर त्यांनाही गाडीत बसवून नेलं. संध्याकाळी सोडलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. ते ओरडले नाहीत; ओरडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तू सांगितलंस असं लिहून दिलंस तर कॉलेजचा परवाना जाईल, विभागाचं काम थांबेल, तुझी नोंदणी रद्द होईल. तू सांगितलं नाहीस असं लिहिलंस तर त्याला ताकीद देऊन सोडतील. विचार कर."

मी किती विचार केला? खरं सांगते, फार नाही. सावर्ड्याचं दुकान डोळ्यांपुढे आलं, काउंटरमागे बसलेले वडील आले. मी त्यांच्याच टेबलावर कागद घेतला आणि लिहिलं: "प्रयोगशाळेबाहेर काहीही ठेवण्यास मी सांगितलेले नाही." खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

तासाभराने प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. प्राचार्य, सर, कार्यालयाचे अधीक्षक, मी, आणि दाराशी उभे मामा. कुणी त्यांना बसायला सांगितलं नाही. अधीक्षक म्हणाले, "वडीलही त्याच धंद्यातले ना तुमचे?" मग प्राचार्यांनी माझा कागद त्यांच्यापुढे केला. मामांनी तो सावकाश वाचला. खिशातून चष्मा काढून पुन्हा एकदा वाचला. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा ओळखीचा माणूस चुकीच्या ठिकाणी दिसावा तसं पाहिलं.

"मॅडम सांगतात ते बरोबर," ते म्हणाले. "मीच ठेवले."

दोन वर्षं ते मला बाय म्हणत होते. मॅडम ते पहिल्यांदाच म्हणाले.

बाहेर व्हरांड्यात मी त्यांच्यामागे गेले. काय बोलणार होते, मला आठवत नाही. त्यांनी कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातावर ठेवल्या. "चौथ्या फ्लास्कमधला उद्या नव्या खाण्यावर घाल. इसरशील. उपाशी मरतील." आणि जिना उतरून गेले.

ताकीद वगैरे काही झालं नाही. जूनमध्ये नेमणुकीचा कागद निघालाच नाही, एवढंच. दारू गाळायचं भांडं सापडलं नव्हतं, म्हणून खटला टिकला नाही. पण तो बंद व्हायला कितीतरी तारखा लागल्या आणि प्रत्येक तारखेला ते इस्त्रीचा खाकी शर्ट घालून कोर्टात बसायचे. एकदा लांबून मी त्यांना पाहिलं आणि रस्ता बदलला. गावात त्यांचं नाव पडलं. एसटीच्या थांब्यावर लोक विचारायचे, "काय दत्ताराम, भट्टी काय म्हणते?"

मला पदवी मिळाली. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. खोडकिड्याच्या पोटातलं ते यीस्ट माझ्याबरोबर आलं. त्याच्यापासून आम्ही अल्कोहोल केलं, पुढे झायलोजपासूनच दात न किडवणारी एक गोड साखरही केली. पहिला शोधनिबंध लिहिला तेव्हा शेवटी आभारात मी मामांचं नाव घातलं होतं. सरांनी फोनवर सांगितलं, "ते प्रकरण अजून ताजं आहे. नको." मी ती ओळ खोडली. यीस्ट कुठून मिळालं या रकान्यात लिहिलं: रत्नागिरी जिल्ह्यातील काजूबाग.

सात वर्षांनी मी पुन्हा पूर्णगडच्या रस्त्याला लागले. माफी मागायला गेले असं म्हणायला मला आवडेल. पण गेले ते यीस्टसाठी. पुण्यात त्याला वर्षानुवर्षं ग्लुकोज खाऊ घालून आम्ही ते आळशी करून टाकलं होतं. झायलोज दिलं की ते हात आखडून बसायचं. राखून ठेवलेला मूळ साठा शीतपेटी बंद पडल्यामुळे गेला. पुन्हा मुळाशी जायला हवं होतं, आणि मूळ एकाच उतारावर होतं.

मामा अंगणात आंब्याच्या पेट्यांना खिळे मारत होते. खूप वाळले होते. मला बघून उठले, हात पुसले. "या मॅडम." मामी बाहेर आल्या, पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा कट्ट्यावर ठेवला आणि आत गेल्या.

मी अडखळत कामाचं सांगितलं. मामांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि चालायला लागले. मी मागोमाग. बागेतली झाडं निरोगी होती, बुंधे स्वच्छ, चुना लावलेले. अगदी टोकाला, कातळाच्या कडेला, एकच झाड अर्धं वाळलेलं उभं होतं. त्याच्या खोडाभोवती जुनी मच्छरदाणी घट्ट गुंडाळून दोरीने बांधलेली. आत ओला भुसा.

"हे तिसरं," मामा म्हणाले. "पहिली दोन गेली. एक मरायला आलं की त्यातली अळी दुसऱ्याला लागू देतो. भुंगा उडून बागेत जाऊ नये म्हणून मच्छरदाणी. शेजारी बोंबलतात. बोंबलू देत."

मला काही कळेना. "कशासाठी मामा?"

"म्हणजे? ती मंडळी संपली तर? तुमच्या मशीनमध्ये काय खरं नसतं." मग जरा थांबून म्हणाले, "तुझ्यासाठी नाय हां बाय. पयली कुणी ऐकली ती? मी ऐकली. मग ती मी सांभाळायची, नाय काय?"

फळावर असलेली तीन झाडं या माणसाने किड्याला दिली होती. मी मच्छरदाणीची गाठ सोडायचा प्रयत्न करत राहिले, कारण वर बघता येत नव्हतं. त्यांनी पुढे होऊन ती सोडली, साल उचकटली, तारेने अळी काढली आणि माझ्या निर्जंतुक डबीत टाकली.

परत येताना त्यांनी विचारलं, "कागदात घातलंस काय गो, आमच्या झाडाचा नाव?"

"रत्नागिरी घातलंय मामा."

"हां." त्यांनी मान हलवली. "रत्नागिरी बरोबर हाय."

अंगणात पोचल्यावर मी म्हटलं, "मामा, तेव्हा मी जे लिहून दिलं…" त्यांनी हात वर केला. "ता माझ्याकडे नको. माझा मी तवाच बोललो. तिच्याकडे बोल." आणि खिळे मारायला बसले.

मामी पडवीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले. त्यांनी मला बोलू दिलं नाही. सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "ह्यांनी कदी तोंडाला लावली नाय. तुला म्हायत हाय. लोक थांब्यावर चिडवतात तवा हे हसतात आणि घरी येऊन जेवत नायत. मला तुझं काय नको. शिमग्याला सगळा गाव जमतो, मुंबईवाले येतात. तवा तू ये आणि देवळासमोर एवढंच सांग, की ता काम तुझं होतं."

"येते मामी. नक्की येते."

शिमगा आला तेव्हा पुण्यात एका मोठ्या प्रकल्पाची बैठक होती. ती पुढे ढकलता आली असती. मी मामींना फोन केला नाही. पुढच्या वर्षी जाऊ म्हटलं. मामांच्या झाडातल्या त्या अळीपासून काढलेलं यीस्ट तोवर दोन्ही साखरा चाटूनपुसून खात होतं आणि त्या बैठकीत माझं फार कौतुक झालं.

भाद्रपदात जुन्या विभागातल्या एका मैत्रिणीचा फोन आला. दत्तामामा गेले. छातीत दुखतं म्हणाले, पडवीत आडवे झाले आणि उठले नाहीत.

मी तेराव्याला पोचले. अंगणात ताडपत्रीचा मांडव होता, पंगत उठून लोक पान खात बसले होते. मी घरून लिहून आणलेला कागद काढला, उभी राहिले आणि वाचला. ड्रम माझे होते. मी ठेवायला सांगितलं. परवानगी आहे असं खोटं सांगितलं. नंतर खोटा जबाब दिला. दत्ताराममामांनी मला वाचवलं आणि त्यांची नोकरी गेली. वाचताना आवाज थरथरला नाही, याचंच मला वाईट वाटलं.

मग वाडीतले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "आमाला काय म्हायत नव्हतं काय, बाय? दत्ताराम आणि दारू! पण चिडवायला गावला की माणूस चिडवतो. मीपण थांब्यावर इचारायचो, भट्टी काय म्हणते. रोज इचारायचो." त्यांनी मान खाली घातली.

मी कागद मामींपुढे धरला. त्यांनी तो घेतला नाही. रडल्याही नाहीत.

"हे त्यांनी ऐकायचं होतं," त्या म्हणाल्या. "आता आमाला ह्याचा काय उपेग? जिथं खोटं लिहून दिलंस, तिथं नेऊन दे."

मी तशीच उठले आणि रत्नागिरीला गेले. कॉलेज बंद व्हायला अर्धा तास होता. सर निवृत्त झाले होते, प्राचार्य बदलले होते, अधीक्षकांच्या खुर्चीत दुसरं कुणी होतं. मला ओळखणारं तिथे एकही माणूस उरलं नव्हतं. कागद पर्समध्ये ठेवून मी परत फिरले असते तरी कुणाला कळलं नसतं. मी आवक-जावकच्या खिडकीशी गेले. तिथेच उभ्याने अर्ज लिहिला: कागदातलं तेच सगळं, शिवाय एक प्रत माझ्या संस्थेला आणि एक विद्यापीठाला पाठवत असल्याचं, आणि त्या यीस्टच्या नोंदीत शोधणारा म्हणून दत्ताराममामांचं नाव घालावं अशी विनंती. त्यावरून पुढे माझी चौकशी सुरू झाली. ती अजून चालू आहे, आणि तिचं जे होईल ते होवो.

खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिने नोंदवही ओढली, अर्जावरचं नाव पाहिलं.

"हे दत्ताराम… आपल्याकडे होते?"

"होते. वारले."

"बरं. मयत कर्मचाऱ्याबद्दल अर्ज असला की नातं लिहावं लागतं. तुम्ही मुलगी का त्यांची?"

"नाही."

"मग काय लिहू?"

"लिहा," मी म्हटलं, "त्यांच्याविरुद्ध खोटा जबाब देणारी."

तिचं पेन थांबलं. तिने वर पाहिलं. "असं लिहू?"

"असंच लिहा."

तिने लिहिलं. वही माझ्याकडे फिरवली. मी त्या शब्दांच्या शेजारी सही केली.